सिद्धता हातातून कधी सोडायची

1993 च्या सुरुवातीला प्रिन्स्टन विद्यापीठात अँड्र्यू वाइल्स यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक कोर्स घेतला. कोर्सचं नाव मुद्दाम रूक्ष ठेवलं होतं, एलिप्टिक वक्रांवरची आकडेमोड अशा धर्तीचं. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाचा (n दोनहून मोठा असेल तर xⁿ + yⁿ = zⁿ हे धन पूर्णांकांत कधीच जुळत नाही) त्यात उच्चारही नव्हता. हे सगळं कशासाठी चाललंय ते विद्यार्थ्यांना कळेना. ते एकेक करून गळाले आणि वर्गात एकच श्रोता उरला: निक कॅट्झ, वाइल्स यांचे सहकारी प्राध्यापक. वाइल्सना तेवढाच श्रोता हवा होता. वर्षानुवर्षं जवळजवळ कुणालाही न सांगता केलेलं काम त्यांना एका जाणकारासमोर फळ्यावर मांडून पाहायचं होतं. कॅट्झनी सगळं ऐकलं. त्यांना कुठे काही खटकलं नाही.

23 जूनला केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्स यांनी फर्माचं प्रमेय सिद्ध झाल्याचं जाहीर केलं आणि ती बातमी जगभर गेली. मग हस्तलिखित छापण्याआधी तपासणाऱ्या सहा जाणकारांमध्ये, म्हणजे रेफरींमध्ये, वाटलं गेलं आणि त्यातला एक भाग कॅट्झ यांच्याकडे आला. या वेळी ते ओळ न ओळ वाचायला बसले. जिथे अडेल तिथे वाइल्सना ईमेल करायचा, उत्तर आलं की पुढे सरकायचं, असं चाललं होतं. बहुतेक उत्तरं लगेच येत होती. ऑगस्टमध्ये एका प्रश्नाचं समाधानकारक उत्तर काही येईना. तिथे युक्तिवाद खरोखरच तुटलेला होता. तो सांधायला वर्षाहून जास्त काळ गेला. वाइल्स यांचे पूर्वीचे विद्यार्थी रिचर्ड टेलर मदतीला आले, 19 सप्टेंबर 1994 ला वाट सापडली आणि मे 1995 मध्ये ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या गणिताच्या जर्नलमध्ये दोन पेपर छापून आले.

ही हकीकत फर्माची गोष्ट म्हणून सगळे सांगतात. मला मात्र त्यातले कॅट्झ जास्त आठवतात. माणूस तोच, विषयही तोच. वर्गात न दिसलेली फट टेबलाशी बसून वाचताना दिसली. वर्गात ती का दिसली नाही, याचं कॅट्झ यांनी नंतर दिलेलं उत्तर फार प्रामाणिक आहे. ऐकणाऱ्याला सगळं समजूनही घ्यायचं असतं आणि बोलणाऱ्याला पुढेही जाऊ द्यायचं असतं. दर वाक्याला अडवलं तर व्याख्यान कधी पुरंच होणार नाही. सेमिनारमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला ही ओढाताण ठाऊक आहे.

मी गणित शिकवते, पेपर लिहिते आणि पीएचडीच्या मुलांची गाइड आहे. ‘मॅडम, आता पाठवायचा का?’ हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं. दुसऱ्या शास्त्रांत निदान बाहेरून काहीतरी खूण मिळते. प्रयोग पुन्हा करता येतो, नमुना पुन्हा मोजता येतो. आमच्याकडे कागद, फळा आणि आपणच. सिद्धता लिहून झाली की ती लिहिणाऱ्याला बरोबरच वाटते, नाहीतर त्यानं ती लिहिलीच नसती. म्हणून तयार कधी म्हणायचं हे गणितात आतूनच ठरवावं लागतं आणि आतली साक्ष फारशी भरवशाची नसते.

माझ्या गाइडची एक पद्धत होती, ती मी अजून पाळते. पेपर लिहून झाला की काही आठवडे कपाटात ठेवायचा. मग काढून फक्त विधानं वाचायची, सिद्धता झाकून. प्रत्येक लेमा, म्हणजे मुख्य प्रमेयाकडे नेणारं छोटं विधान, खोटा आहे असं धरायचं आणि तो पाडायला बसायचं. सगळ्यांत लहान उदाहरणं घ्यायची: n = 1, रिकामा संच, एकच बिंदू असलेला ग्राफ (ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा). लेमा तिथेच कोसळत असेल तर पुढची पानं वाचायची गरजच उरत नाही. एवढ्यातून तगला, तर मग सिद्धता उघडायची आणि पेन्सिल घेऊन स्थिरांकांच्या मागे लागायचं.

हे स्थिरांक काय करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या पानावर आपण लिहितो, ‘C हा स्थिरांक फक्त r वर अवलंबून आहे.’ पाचव्या पानावर त्या C ला आणखी एका संख्येनं गुणतो आणि गुणाकारालाही C च म्हणतो, कारण प्रत्येक वेळी नवं अक्षर काढलं तर पान वाचवत नाही. नवव्या पानावर r बदलू लागतो, आणि C स्थिर असल्याचं आपण अजून धरूनच चाललेलो असतो. कुठेही एकही ओळ खोटी दिसत नाही. फक्त r बरोबर C सुद्धा वाढतोय हे कुणी मोजलेलं नसतं, आणि त्या वाढीनं शेवटची असमानता खाऊन टाकलेली असते. मुलांना मी सांगते की C ला पानोपानी C₁, C₂, C₃ असं लिहून एकदा पूर्ण पेपर नकलून काढा. काम कंटाळवाणं आहे. पण छापायला पाठवण्याआधी मला याहून उपयोगी काम माहीत नाही.

दुसरी जागा म्हणजे ‘ही सिद्धता मागच्या लेमासारखीच आहे’ हे वाक्य. ते दिसलं की मी थांबते आणि ती सिद्धता सगळी लिहून मागते. या हट्टामागे व्लादिमीर वोएवोद्स्की आहेत. गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, 2002 चं फील्ड्स पदक, मिळालेला हा माणूस. त्यांनी आणि मिखाईल काप्रानोव्ह यांनी 1990 च्या सुमाराला एक पेपर लिहिला होता. 1998 मध्ये कार्लोस सिम्पसन यांनी त्यातल्या मुख्य प्रमेयाला छेद देणारं उदाहरण मांडलं. गंमत नाही, खरोखर गोंधळाची स्थिती होती: पेपर छापलेला, उलट उदाहरणही समोर, आणि नेमकी चूक कुठे हे कुणी दाखवलेलं नाही. आपला पेपर चुकीचा आहे याची वोएवोद्स्की यांना पुरती खात्री पटली ती 2013 मध्ये. मधल्या काळात त्यांच्या दुसऱ्या एका पेपरमधला महत्त्वाचा लेमाही चुकीचा निघाला. तो त्यांनी स्वतःच व्याख्यानं देताना शोधला. त्याआधी तो पेपर जाणकारांनी वाचला होता, वापरलाही होता.

यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष माझ्या मनातून जात नाही. विश्वासू लेखकानं लिहिलेला, तपासायला अवघड आणि आधीच्या बरोबर युक्तिवादांसारखाच दिसणारा तांत्रिक युक्तिवाद जवळजवळ कधीच बारकाईनं तपासला जात नाही. पुढे त्यांनी आयुष्याची उरलेली वर्षं सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्याच्या कामाला दिली. आज पेटर शोल्झसारखा गणिती आपल्याच प्रमेयाबद्दल मनात शंका राहिली म्हणून ते लीन या सिद्धता तपासणाऱ्या संगणक प्रणालीत उतरवण्याचं आवाहन करतो आणि जुलै 2022 मध्ये ते काम तडीस जातं, त्यामागे ही सगळी पार्श्वभूमी आहे. आमच्यासारख्यांच्या रोजच्या पेपरांसाठी हे अजून फार महाग पडतं, वेळेनं आणि माणसांनीही. पण शंका मनात दाबून न ठेवता ती जाहीरपणे मांडण्याचं धैर्य घ्यायला काहीच खर्च येत नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की बाई थांबा, तपासा, आणखी थांबा असंच सांगणार. तसं नाही. थांबण्याची दुसरी बाजू फार दुखरी आहे, आणि तिचं नाव गाउस.

कार्ल फ्रीडरिश गाउस हा जर्मन गणिती. त्याच्या मोहरेवर मोजकी फळं असलेलं झाड कोरलेलं होतं आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलं होतं: थोडं, पण पिकलेलं. जे पूर्णपणे घासूनपुसून झालं नाही ते छापायचं नाही हा त्याचा आयुष्यभराचा नेम. 1796 पासून तो एक छोटी रोजनिशी ठेवत होता. तिच्यात 146 नोंदी आहेत, बऱ्याचशा एकेका ओळीच्या. जगाला ती कळली तेव्हा एकोणिसावं शतक संपत आलं होतं, गाउसला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, आणि त्या ओळींमधलं बरंचसं गणित मधल्या काळात दुसऱ्यांनी नव्यानं शोधून झालेलं होतं.

आता हंगेरियन बोयाई कुटुंबाकडे पाहा. वडील फार्काश बोयाई म्हणजे गाउसचा गटिंगनमधला विद्यार्थिदशेतला मित्र. मुलगा यानोश सैन्यात अधिकारी. युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक बाजूला ठेवूनही सुसंगत भूमिती उभी राहते हे यानोशनं विशीत हेरलं, आणि 1823 मध्ये वडिलांना लिहिलं की मी शून्यातून एक नवं विश्व निर्माण केलं आहे. वडिलांनी उलट टपाली घाई करायला सांगितलं. काही गोष्टींचा एक काळ येतो, तेव्हा त्या एकदम अनेक ठिकाणी उगवतात, वसंतात व्हायोलेटची फुलं जिथे तिथे दिसतात तशा, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाचं काम शेवटी वडिलांच्या ग्रंथाचं परिशिष्ट म्हणून छापलं गेलं. जेमतेम पंचवीसेक पानं. फार्काशनं ते गाउसला पाठवलं.

मार्च 1832 मध्ये गाउसचं उत्तर आलं. त्यातला भाव असा: याची स्तुती केली तर ती माझीच स्तुती होईल, कारण यातलं जवळजवळ सगळं गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या माझ्या चिंतनाशी जुळतं. आपल्या हयातीत हे छापायचा विचार नव्हता, आता जुन्या मित्राच्या मुलानंच ते श्रम वाचवले याचा आनंद वाटतो, असंही त्यानं लिहिलं. एका दुसऱ्या पत्रात त्यानं यानोशला पहिल्या दर्जाची प्रतिभा म्हटलं आहे. म्हणजे मनात खोट नव्हती. पण त्या तरुणाला काय मिळालं? कुणी तरी हे आधीच करून ठेवलंय, आणि तो कुणी तरी गाउस आहे, एवढंच. यानोश बोयाईनं त्यानंतर गणितातलं काही छापलं नाही. 1860 मध्ये तो गेला तेव्हा मागे हस्तलिखित पानांचे ढीग होते, हजारोंनी. रशियात लोबाचेव्स्कीनं 1829 पासून हाच विषय छापायला सुरुवात केली होती, याचा पत्ता त्याला फार उशिरा लागला.

गाउस का थांबला तेही त्यानं लिहून ठेवलंय. 1829 मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आपली मतं पूर्ण मांडली तर अडाणी लोक आरडाओरडा करतील याची धास्ती वाटते. त्या काळचा सर्वांत मोठा गणिती हे लिहितोय! ज्याच्या शब्दाला युरोपभर वजन होतं, त्यानं चार पानं छापली असती तर बोयाई आणि लोबाचेव्स्की या दोघांच्याही वाटेवर उजेड पडला असता. गाउसबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, पण त्याचं हे वागणं आदर्श म्हणून मुलांसमोर ठेवणं मला मान्य नाही. पिकेपर्यंत थांबायचं हे ठीकच आहे. पण पिकलेलं असूनही लोकांच्या भीतीनं झाडावर ठेवायचं, याला काटेकोरपणा म्हणता येत नाही. त्याची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजली.

मग बरोबर वेळ म्हणजे कुठली? मला विचाराल तर मी कानपूरचं उदाहरण देते.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायची एक जुनी कसोटी आहे. (x + 1) चा n वा घात उलगडायचा. n = 5 असेल तर मधले सहगुणक 5, 10, 10, 5 येतात, सगळ्यांना 5 नं भाग जातो. n = 6 घेतला तर 6, 15, 20, 15, 6. इथे 15 ला 6 नं भाग जात नाही, 20 लाही नाही. मूळ संख्यांना ही कसोटी नेहमी लागू पडते, संयुक्त संख्यांना कधीच पडत नाही. अडचण एवढीच की शंभर अंकी n साठी इतके सहगुणक लिहून काढणं अशक्य. आयआयटी कानपूरचे मणींद्र अगरवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी दाखवलं की 1 च्या जागी मोजक्या वेगवेगळ्या संख्या घेऊन हाच उलगडा xʳ − 1 नं भागून उरणाऱ्या बाकीत तपासला तरी पुरतं, r योग्य निवडला तर. आणि असा r लहानच मिळतो. दोघं विद्यार्थी तेव्हा नुकतेच बी. टेक. झाले होते.

ऑगस्ट 2002 च्या पहिल्या रविवारी त्यांनी आपलं नऊ पानी हस्तलिखित जगातल्या निवडक जाणकारांना पाठवलं. दुसऱ्याच दिवशी मूळ संख्यांचे अमेरिकन जाणकार कार्ल पॉमरन्स यांनी ते तपासलं आणि दुपारी त्यावर सेमिनारही घेतला. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली. पहिल्या रूपात सिद्धतेला वैश्लेषिक संख्या सिद्धांतातला फुव्ह्री यांचा एक खोल निकाल लागत होता. पुढे डच गणिती हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी सुचवलं की एक पायरी वेगळ्या रीतीनं घेतली तर त्या निकालाची गरजच पडत नाही. 2004 मध्ये अॅनल्समध्ये जो पेपर आला तो तेरा पानांचा आहे आणि त्यातली मुख्य सिद्धता एम. एस्सी. चा चांगला विद्यार्थी स्वतः वाचू शकतो. मी ती वर्गात शिकवते.

या तिघांनी काय केलं ते नीट पाहायला हवं. सिद्धता पूर्ण होती, एकही जागा ‘पुढे पाहू’ म्हणून सोडलेली नव्हती. ती सर्वांत सुंदर रूपात होती का? नव्हती, आणि त्यासाठी ते थांबले नाहीत. फुव्ह्रीवर आपण कुठे टेकलोय हे पेपरमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं, म्हणूनच लेन्स्ट्रा यांना तो टेकू काढता आला. गाउसच्या नेमानं ते चालले असते तर त्या टेकूशिवाय कसं उभं राहायचं हे शोधत वर्षं घालवली असती, कदाचित न सापडताच.

माझं मत बनलंय ते असं. आपला भाग असा की अनोळखी, नाराज, घाईत असलेला माणूसही ओळ न ओळ शंका घेऊ शकेल इतकं ते उघडं लिहायचं, आणि त्याआधी आपण स्वतः तितक्याच नाराजीनं ते वाचायचं. सिद्धतेला आणखी देखणी करण्याचं काम पुढे कुणीही करू शकतं, अनेकदा दुसराच जास्त चांगलं करतो.

अर्थात निकालाच्या जातीवरही बरंच अवलंबून असतं. 1782 मध्ये ऑयलरनं म्हटलं होतं की 6, 10, 14, 18 अशा बाजूंचे परस्परलंबी लॅटिन चौरस असूच शकत नाहीत. लॅटिन चौरस म्हणजे प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारा चौरस; असे दोन एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली तर ते परस्परलंबी. 6 चा प्रश्न गास्तों तारी यांनी 1900 च्या सुमाराला सगळ्या शक्यता तपासून निकालात काढला. तिथे ऑयलर बरोबर होता. बाकीच्यांसाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत एकाहून जास्त सिद्धता छापून आल्या आणि त्या सगळ्या चुकीच्या होत्या. चुकीच्या असणारच, कारण विधानच खोटं होतं. 1959 मध्ये राज चंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर यांनी ऑयलरला खोटं ठरवलं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि 2020 मध्ये 102 वर्षांचे होऊन गेले. पार्करचा 10 बाय 10 चा चौरस अर्ध्या पानात मावतो. प्रत्येक घरात दोन अंकांची जोडी आहे आणि 00 पासून 99 पर्यंतची प्रत्येक जोडी एकदाच येते. शाळेतली मुलगीसुद्धा पेन्सिलीनं खुणा करत तो तपासू शकते. असा चौरस हातात आला की तयार आहे का हा प्रश्नच संपतो. ‘असं काही असूच शकत नाही’ हे सांगणारी सिद्धता मात्र कधीच अशी एका नजरेत तपासून होत नाही, म्हणून तिला जास्त दिवस कपाटात ठेवावं लागतं.

आता ज्याबद्दल मला मनापासून चीड आहे ते. आपल्याकडे हा निर्णय बऱ्याचदा गणिताच्या हातात राहतच नाही. 2010 नंतर प्राध्यापकांचं काम गुणांत मोजणारी एपीआयची पद्धत आली, आणि पेपर म्हणजे बढतीच्या फॉर्मवरचा आकडा झाला. यूजीसीच्या 2016 च्या नियमात थीसिस देण्याआधी निदान एक पेपर छापलेला असणं सक्तीचं होतं. 2022 च्या नियमांत ती सक्ती गेली, हे फार चांगलं झालं. पण सवय एका नियमानं जात नाही. एक निकाल तीन पेपरांत चिरून वाटायचा, पैसे घेऊन महिन्याभरात छापणारं जर्नल गाठायचं, हे करणारी मुलं मुळात आळशी किंवा लबाड नसतात. फेलोशिप संपत आलेली असते, घरून विचारणा होत असते. त्यांना थांबायला सांगणाऱ्या गाइडनं त्यांच्या थांबण्याची सोयही बघायला हवी, पत्र लिहायला हवं, मुदतवाढ मागायला हवी. नुसतं ‘अजून पिकू दे’ म्हणणं सोपं आहे, पगार चालू असलेल्या माणसाला तर फारच.

माझ्या एका विद्यार्थिनीचं काम सध्या याच टप्प्यावर आहे. ग्राफमधल्या एका बेरजेला तिनं वरची मर्यादा शोधली आहे. ग्राफ द्विभागी असेल, म्हणजे त्याचे बिंदू अशा दोन गटांत वाटता येत असतील की प्रत्येक रेषा एका गटातून दुसऱ्या गटात जाते, तर सिद्धता पूर्ण आहे. सगळ्या ग्राफांसाठीही ही मर्यादा खरी असावी असं आम्हा दोघींना वाटतं, पण सिद्ध करता येत नाही. तिला थांबायचं होतं. सामान्य प्रमेय झाल्यावरच पाठवू, अर्धवट पाठवलं तर लोक काय म्हणतील, असं ती म्हणत होती. स्थिरांक तिनं C₁ पासून पुन्हा नकलून काढलेत. लहान ग्राफांवर लेमा पाडायचा प्रयत्न झालाय. विभागातल्या बीजगणिताच्या एका सहकाऱ्यानं, ज्याचा ग्राफ थिअरीशी काही संबंध नाही, संपूर्ण मसुदा वाचून समासात प्रश्न लिहिलेत आणि त्यांची उत्तरं मजकुरात गेली आहेत. बराच वेळ बोलल्यावर आमचं ठरलं की द्विभागी ग्राफांचं प्रमेय आहे तसं जाऊ द्यायचं. आता ती शेवटचा विभाग लिहितेय: विषम चक्र, म्हणजे विषम संख्येच्या रेषांचा बंद फेरा, आलं की तिसऱ्या लेमातली बेरीज नेमकी कोणत्या पायरीवर अडते, कोणती दोन वळणं आम्ही घेऊन पाहिली आणि ती का पुरली नाहीत. तेवढं झालं की पेपर अर्काइव्ह या खुल्या ऑनलाइन संग्रहावर जाईल आणि त्याच दिवशी जर्नलकडेही.